‘येणारा’ कोण, हे ठरवणारा कोण?

निवडणूक ग्रामपंचायतीची असो, जिल्हा परिषदेची असो की लोकसभेची. कोयनानगरच्या एस.टी. थांब्यापासून हेळवाक, पाटणपर्यंत कुठल्याही चहाच्या टपरीवर बसा, पहिला प्रश्न एकच ऐकू येतो : ‘‘कोण येतंय?’’ उमेदवार कसा आहे, धरणग्रस्तांच्या मोर्चात तो कधी दिसला का, अॅट्रॉसिटीच्या प्रकरणात तो फिर्यादीच्या मागे उभा राहिला की तडजोडीसाठी पोलीस ठाण्यात खुर्ची टाकून बसला, हे प्रश्न नंतरचे. बऱ्याचदा ते निघतच नाहीत. आपल्या बौद्धवस्तीतले चित्रही वेगळे नाही. चळवळीत झिजलेला, शिकलेला एखादा कार्यकर्ता उभा राहिला की जाणती माणसे मान डोलावतात, ‘‘पोरगा चांगला हाय, पण येत नाय’’ म्हणतात, आणि मत दुसरीकडे टाकून येतात.

मतमोजणी व्हायच्या आधीच हा ‘येत नाय’चा निकाल लावला कोणी? आमचे म्हणणे असे की, आपल्या मतदाराची पसंती आणि आपल्या मतदाराचे मत या आता दोन वेगळ्या गोष्टी झाल्या आहेत. पसंती तो स्वतःच्या मनाने ठरवतो. मत मात्र इतरांच्या मनात काय आहे याचा अंदाज बांधून देतो. आणि हा अंदाज बांधायला लागणारे सामान, म्हणजे वर्तमानपत्रातले सर्व्हे, टीव्हीवरच्या चर्चा, सभेची गर्दी, गाड्यांचे ताफे, पुढाऱ्याच्या माणसाने कानात सांगितलेली ‘आतली बातमी’, हे सगळे पुरवणारे लोक आपले नसतात.

मुंबई-दिल्लीच्या पक्षकचेऱ्यांत याच गोष्टीला ‘इलेक्टिव्ह मेरिट’ असे भारदस्त नाव आहे. तिकीटवाटप सुरू झाले की प्रत्येक पक्षाचा प्रवक्ता सांगतो, निवडून येण्याची क्षमता हाच आमचा निकष. ही क्षमता मोजतात कशाने? साखर कारखाना कोणाचा, शिक्षणसंस्था कोणाची, जिल्हा बँकेत वजन कोणाचे, आणि कोणत्या जातीची किती घरे. यातले एकही पीक आपल्या वस्तीत येत नाही. मग ‘मेरिट’ हा शब्द ऐकून आमच्या पोटात गोळा का येतो ते वाचकांना वेगळे सांगायला नको. मेडिकलच्या प्रवेशापासून न्यायाधीशांच्या नेमणुकीपर्यंत हा शब्द आपल्याला दारात अडवायलाच वापरला गेला आहे.

हा रोग आपल्यापुरता नाही. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार पक्षाचे मतदार ठरवतात, त्याला तिकडे प्रायमरी म्हणतात. आपण प्राथमिक निवडणूक म्हणू. २००८ च्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीआधी बराक ओबामा उभे होते, तरी कृष्णवर्णीय मतदारांचा मोठा भाग हिलरी क्लिंटन यांच्याकडे झुकलेला होता. ओबामा आवडत नव्हते असे नाही. गोरे लोक काळ्या माणसाला मत देणार नाहीत, मग आपले मत फुकट का घालवा, असा तो हिशेब होता. ३ जानेवारी २००८ रोजी आयोवा या बहुतांश गोऱ्या लोकवस्तीच्या राज्यात ओबामा जिंकले. २६ जानेवारीला साउथ कॅरोलिनात मतदान झाले तेव्हा दर दहा कृष्णवर्णीय मतदारांपैकी जवळजवळ आठ ओबामांच्या मागे होते. तीन आठवड्यांत माणूस बदलला नव्हता, भाषण बदलले नव्हते. गोऱ्यांची पावती मिळाली होती. आपल्या माणसाला मत देण्यासाठी एका शोषित समाजाला दुसऱ्याच्या पावतीची वाट पाहावी लागली, हे आम्हाला ओबामांच्या विजयाइतकेच महत्त्वाचे वाटते. २०२० मध्ये त्याच साउथ कॅरोलिनाने जो बायडेन यांना तारले, तेव्हाही ट्रम्प यांना कोण पाडू शकेल याच एका प्रश्नाने बाकीचे प्रश्न गिळून टाकले होते.

आपल्याकडे अशी प्राथमिक निवडणूक घ्यायला कायदा भाग पाडत नाही. जर्मनीत पक्षाच्या सभासदांनी गुप्त मतदानाने उमेदवार निवडावा असे निवडणूक कायद्यातच लिहिले आहे. आपल्या लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम २९-अ मध्ये पक्षाची नोंदणी आहे, संविधानावरील निष्ठेची हमी आहे, पण उमेदवार कोणी आणि कसा निवडायचा याबद्दल अवाक्षर नाही. विधी आयोगाने १९९९ च्या १७० व्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाहीसाठी तरतुदी सुचवल्या, त्या कागदावरच राहिल्या. काँग्रेसने २०१४ च्या लोकसभेला निवडक मतदारसंघांत हा प्रयोग केला. महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर. मतदार कोण, तर पक्षाचे ठरावीक पदाधिकारी आणि कार्यकर्ते. वर्ध्यात विद्यमान खासदार दत्ता मेघे यांचे चिरंजीव सागर मेघे यांनी माजी प्रदेशाध्यक्षा प्रभा राव यांच्या कन्या चारुलता टोकस यांना हरवले. म्हणजे निवडायला मिळाली ती दोन घराणी. लातूर या राखीव मतदारसंघात दत्तात्रय बनसोडे पुढे आले. प्रत्यक्ष निवडणुकीत दोघेही दोन लाखांहून अधिक मतांनी पडले, आणि मेघे कुटुंब त्याच वर्षी भाजपमध्ये दाखल झाले. पक्षाच्या माणसांनी ‘येणारा’ म्हणून निवडलेला आला तर नाहीच, पक्षातही राहिला नाही.

परंतु वाचकहो, या देशात कायद्याने बांधलेली प्राथमिक निवडणूक एकदा होऊन गेली आहे, आणि ती आपलीच होती. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराकडे आपण स्वतंत्र मतदारसंघ गेल्याच्या दुःखाने पाहतो, ते बरोबरच आहे. पण त्या करारातले दुसरे कलम वकिलाच्या नजरेने पुन्हा वाचायला हवे. राखीव जागेसाठी त्या मतदारसंघातील फक्त अस्पृश्य मतदारांनी आधी प्राथमिक निवडणूक घ्यायची, प्रत्येकाने एकच मत द्यायचे, सर्वाधिक मते मिळवणाऱ्या चौघांचे पॅनेल ठरायचे आणि मग त्या चौघांतून एकाला सर्व जातींच्या मतदारांनी मिळून निवडायचे. ही व्यवस्था दहा वर्षांसाठी होती.

या योजनेत काय दडले होते? पहिल्या फेरीत समाजाची पसंती मोजली जात होती, तिचे आकडे सरकारी कागदावर येत होते. समाजाला कोण हवा आहे, हे ‘हवा’, ‘वारे’, ‘सूत्रांची माहिती’ यांवर सोडलेले नव्हते. दुसऱ्या फेरीत मात्र ती पसंती बहुसंख्याकांच्या हाती जात होती. समाजाने पहिल्या क्रमांकावर ज्याला ठेवले त्यालाच निवडा, असे बंधन सवर्णांवर नव्हते. चौथ्या क्रमांकावर रखडत आलेला माणूस त्यांना सोयीचा असेल तर तेवढा पुरे. सोयीचा एक माणूस कसाबसा चौघांत बसवला की काम झाले. आणि उमेदवार चारच किंवा त्याहून कमी असतील तर प्राथमिक फेरीचीही गरज नाही, सगळे थेट अंतिम फेरीत. बाबासाहेबांनी या पळवाटेवर सुरुवातीपासून बोट ठेवले होते.

१९३७ च्या निवडणुकीत मुंबई इलाख्यात स्वतंत्र मजूर पक्षाने चांगले यश मिळवले, त्याचे एक कारण मतदानपद्धतीत आहे. मुंबई इलाख्यात एकत्रित मतदानाची पद्धत होती. मतदारसंघात जितक्या जागा तितकी मते, आणि ती सगळी एकाच उमेदवाराला टाकायची मुभा. त्यामुळे थोडे पण एकजूट मतदार आपला माणूस स्वतःच्या बळावर निवडून आणू शकत होते. १९४५-४६ मध्ये चित्र पालटले. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे उमेदवार प्राथमिक फेरीत समाजाच्या मतांनी पुढे आणि अंतिम फेरीत सवर्णांच्या मतांनी मागे, असे ठिकठिकाणी घडले. देशभरातल्या १५१ राखीव जागांपैकी फेडरेशनच्या पदरात जेमतेम दोन पडल्या. मग ब्रिटिश कॅबिनेट मिशनने निष्कर्ष काढला तो अंतिम फेरी पाहून : अस्पृश्यांचा पाठिंबा काँग्रेसला आहे. बाबासाहेब प्राथमिक फेरीकडे बोट दाखवत राहिले. जुलै १९४६ मध्ये पुण्यात फेडरेशनने पुणे कराराविरुद्ध सत्याग्रह केला तो याच संतापातून. समाजाला कोण हवा आणि इतरांना आपल्यातला कोण चालतो, या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी होती, आणि सत्तेने दुसरे उत्तर पहिल्याचे म्हणून खपवले. कांशीराम यांनी पुणे कराराला पन्नास वर्षे झाली तेव्हा १९८२ मध्ये ‘चमचा युग’ लिहिले, त्याचे मूळ इथे आहे.

स्वातंत्र्यानंतर प्राथमिक फेरी गेली. १९५२ मध्ये दोन जागांचे मतदारसंघ आले, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते, पण एका उमेदवाराला एकच. मुंबईत बाबासाहेब आणि समाजवादी अशोक मेहता यांची जोडी होती. काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांच्याकडून राज्यघटनेचा शिल्पकार सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभूत झाला आणि ७४ हजारांच्या आसपास मते वाया गेली. कम्युनिस्टांनी मत कुजवण्याचा प्रचार केला, हा बाबासाहेब आणि मेहता यांच्या निवडणूक याचिकेतला मुद्दा होता. १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीत काही कार्यकर्त्यांनी बाबासाहेबांना हाच हिशेब सुचवला : आपल्या लोकांनी सर्वसाधारण जागेचे मत कुणालाच देऊ नये, कुजवावे, म्हणजे आपली बाजू भक्कम होईल. बाबासाहेबांनी नकार दिला. पडलो तरी चालेल, पण मत कुजवायचे नाही. आपल्या मतांनी अशोक मेहता निवडून आले, बाबासाहेब सुमारे आठ हजार मतांनी पडले. ही हकीकत चळवळीत सर्वांना ठाऊक आहे. तरी आज ‘मत वाया घालवू नका’ हे वाक्य जेव्हा आपल्यालाच ऐकवले जाते, तेव्हा ते कोणी कोणाला ऐकवावे याचा विचार व्हावा म्हणून इथे आठवण दिली. बाबासाहेबांच्या मतदारांनी मित्रपक्षाला मत पोचवले. मित्रपक्षाकडून तितके परत आले नाही.

‘बौद्ध माणूस खुल्या जागेवर येत नाही’ हे तर आता वेदवाक्य झाले आहे. १९९८ ची लोकसभा आठवा. अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे, मुंबई उत्तर-मध्यमधून रामदास आठवले. चारही मतदारसंघ त्या वेळी खुले. चौघेही निवडून आले. राज्यात युतीची सत्ता असताना आले. काँग्रेसची मते प्रामाणिकपणे त्यांच्याकडे वळली आणि रिपब्लिकन ऐक्यामुळे आपली मते एकवटली, एवढेच कारण. चौघांच्या अंगात त्या वर्षी अचानक ‘इलेक्टिव्ह मेरिट’ भरले होते आणि पुढे ते आटले, असे कोणी म्हणणार असेल तर म्हणो. २००९ मध्ये शिर्डी या राखीव मतदारसंघात आठवले आघाडीचे अधिकृत उमेदवार होते, सगळी यंत्रणा कागदावर त्यांच्यामागे होती, आणि ते पडले. निवडून येण्याची क्षमता माणसात नसते, मित्रपक्षांच्या मतपेटीत असते. ती पेटी उघडायची की नाही हे त्यांच्या हाती.

आता आपल्या घराजवळचे पाहू. २०२४ ची सांगली लोकसभा. महाविकास आघाडीने जागा शिवसेना ठाकरे गटाला दिली, उमेदवार पैलवान चंद्रहार पाटील. वसंतदादा पाटील यांचे नातू विशाल पाटील यांनी बंडखोरी केली, अपक्ष उभे राहिले. अधिकृत उमेदवाराला ६० हजार ८६० मते मिळाली. विशाल पाटील ५ लाख ७१ हजार ६६६ मते घेऊन भाजपच्या संजयकाका पाटील यांच्यावर एक लाखाने विजयी झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात पाटण विधानसभा, म्हणजे खुद्द कोयनानगरचा मतदारसंघ. इथेही आघाडीची जागा ठाकरे गटाला, उमेदवार हर्षद कदम. सत्यजितसिंह पाटणकर अपक्ष. शंभूराज देसाई ३४ हजार ८२४ मतांनी जिंकले, पण दुसऱ्या क्रमांकावर अपक्ष पाटणकर नव्वद हजारांवर मते घेऊन राहिले आणि आघाडीचा अधिकृत उमेदवार दहा हजारांच्या आत.

या दोन निकालांचे कौतुक पुष्कळ झाले. मतदारांनी दिल्ली-मुंबईचा निर्णय झुगारला, वगैरे. कौतुक योग्यच आहे. मतदार पक्षाच्या चिठ्ठीवर अवलंबून न राहता एकमेकांच्या मनाचा अंदाज घेऊन एका बाजूला जाऊ शकतात, हे सांगलीने दाखवले. पण आमचा प्रश्न निराळा आहे. पक्षाने तिकीट नाकारल्यावर ज्याच्या मागे अख्खा जिल्हा वळतो तो माणूस कोण असतो? सांगलीत वसंतदादांचे घराणे, पाटणमध्ये पाटणकरांचे. समोर बाळासाहेब देसाईंचे नातू. पाटणचे राजकारण दशकानुदशके या दोन वाड्यांत फिरते आहे. पक्ष बदलतात, चिन्हे बदलतात, ‘येणारे’ तेच. पक्षाने डावललेल्या एखाद्या बौद्ध, कैकाडी किंवा कातकरी कार्यकर्त्याने अपक्ष अर्ज भरला तर त्याच्यासाठी असा अंदाज फिरेल का? नाही फिरणार, कारण त्याच्या नावाने तो अंदाज कधी कोणी बांधलेलाच नाही. (जाता जाता : सातारा लोकसभेला त्याच वर्षी उदयनराजे भोसले ३२ हजार ७७१ मतांनी जिंकले आणि तुतारीसारख्याच दिसणाऱ्या चिन्हाच्या अपक्षाला ३७ हजारांवर मते पडली. ‘येणारा’ नेमका ठरवूनही बटण दुसरेच दाबले गेले, असे शशिकांत शिंदे यांच्या पक्षाचे म्हणणे. मतदाराने इतका हिशेब करून शेवटी पिपाणी वाजावी, याला काय म्हणावे!)

राखीव मतदारसंघात तरी आपल्याला मोकळीक आहे का? सातारा जिल्ह्यात फलटण राखीव, सांगलीत मिरज. फलटणला दीपक चव्हाण २००९ पासून तीनदा आले, २०२४ मध्ये सचिन पाटील आले. दोघेही अनुसूचित जातीचे, व्यक्ती म्हणून आमचा कोणावर राग नाही. पण फलटणमध्ये उमेदवार कोण यापेक्षा तो कोणत्या नाईक-निंबाळकरांचा, हा प्रश्न आधी विचारला जातो हे फलटणचे शेंबडे पोर सांगेल. पुणे कराराच्या पॅनेलमधली पहिली फेरी गेली, दुसरी तेवढी राहिली, तिचे हे फळ आहे.

याचा परिणाम आपल्या मताच्या किमतीवर होतो. जो ‘येणारच’ आहे त्याला दिलेल्या मताची त्याला गरज नसते. तो आभारही मानत नाही. निवडून आल्यावर विहाराच्या जागेचा सात-बारा घेऊन गेलात, स्मशानभूमीच्या रस्त्यासाठी गेलात, तर ‘बघू’ म्हणतो. २०१९ मध्ये वंचित बहुजन आघाडीने एमआयएमसह राज्यात ४१ लाखांवर मते घेतली. सांगलीत गोपीचंद पडळकर यांना तीन लाखांवर मते मिळाली. ‘बी टीम’ म्हणून हिणवले गेले, पण त्यानंतर पाच वर्षे प्रत्येक आघाडीच्या बैठकीत ‘वंचितचे काय करायचे’ हा विषय होता. (पडळकर काही महिन्यांतच भाजपमध्ये गेले, हा वेगळा धडा.) २०२४ मध्ये संविधान धोक्यात आहे या भावनेने आपला मतदार ‘येणाऱ्या’ आघाडीकडे गेला. त्या भीतीला आधार होता, आम्ही तिला नावे ठेवणार नाही. वंचितची मते पंधरा-सोळा लाखांवर आली, महाविकास आघाडीचे ३० खासदार झाले. सहा महिन्यांनी विधानसभेला तीच ‘येणारी’ आघाडी २८८ पैकी ५० चा आकडाही गाठू शकली नाही. जूनमध्ये ‘येणारा’ असलेला नोव्हेंबरात ‘न येणारा’ झाला. आपले मत मात्र दोन्ही वेळा त्याच्या खात्यात गृहीत धरलेले. तिकीटवाटपात त्या उपकाराची फेड किती झाली, उमेदवारांच्या याद्या काढून बघा.

कोयनेच्या धरणग्रस्तांची गोष्ट याहून बोलकी आहे. शंभरच्या आसपास गावे उठली, राज्याला वीज मिळाली. उठलेली माणसे सातारा, सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे अशी पांगवली गेली. २०१८ मध्ये श्रमिक मुक्ती दल आणि डॉ. भारत पाटणकर यांच्या नेतृत्वाखाली कोयनानगरात ठिय्या बसला, तेव्हा धरणाला साठ वर्षे होत आली होती आणि मागण्या जमिनीच्या, पाण्याच्या, साध्या नागरी सुविधांच्याच होत्या. इतके दिवस का लागले? माणसे पांगली तशी मतेही पांगली. कुठल्याच मतदारसंघात धरणग्रस्त हा ‘गठ्ठा’ राहिला नाही. आणि गठ्ठा नाही म्हणून त्यांच्यातला उमेदवार कधी ‘येणारा’ झाला नाही. अलुतेदार-बलुतेदार, भटके, आदिवासी, बौद्ध, गरीब मराठा कुणबी सगळेच त्यात आहेत. पांगलेल्या माणसाला एक मत, एक उमेदवार, सर्वाधिक मते तो विजयी, ही पद्धत फार जाचक ठरते.

सर्वोच्च न्यायालयाने या ‘क्षमते’कडे एकदा डोळे वटारून पाहिले आहे. १३ फेब्रुवारी २०२० रोजी न्या. रोहिंटन नरिमन आणि न्या. रवींद्र भट यांच्या पीठाने आदेश दिला की, फौजदारी प्रकरणे प्रलंबित असलेल्या माणसाला तिकीट दिले तर पक्षाने त्याची कारणे जाहीर करावीत. ती कारणे उमेदवाराची पात्रता, कर्तृत्व, गुणवत्ता यांच्याशी निगडित हवीत, नुसते ‘निवडून येण्याची क्षमता’ हे कारण चालणार नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये बिहार निवडणुकीत हे न पाळल्याबद्दल न्या. नरिमन आणि न्या. भूषण गवई यांच्या पीठाने पक्षांना दंडही ठोठावला, राष्ट्रवादी आणि मार्क्सवादी पक्षाला पाच-पाच लाख. दंड भरून सगळे मोकळे झाले. तरीही तत्त्व म्हणून ही गोष्ट छोटी नाही. गुन्हे असलेल्याला तिकीट देताना ‘येतो म्हणून दिले’ हे कारण पुरत नसेल, तर गुन्हा नसलेल्या, पात्र माणसाला ‘येत नाही म्हणून नाकारले’ हे कारण कसे पुरते? न्यायालयापुढे हा प्रश्न नव्हता. समाजापुढे मात्र आहे.

उपाय नाही असे कोणी म्हणू नये. उपाय याच राज्यात, याच गावात चालू आहे, फक्त तो सर्वांना दिलेला नाही. विधान परिषदेच्या पुणे पदवीधर मतदारसंघात सातारा आणि सांगली जिल्हे येतात. त्या मतपत्रिकेवर मतदार १, २, ३ असे पसंतीक्रम लिहितो. पहिली पसंती आपल्या माणसाला दिली आणि तो मागे पडला तर मत दुसऱ्या पसंतीकडे सरकते. वाया जात नाही. त्यामुळे ‘येत नाय’ या भीतीची नांगी निम्मी मोडते. राष्ट्रपतीही याच पद्धतीने निवडतात. म्हणजे कोयनानगरातल्या पदवीधराला मनाजोगे मत देऊन दुसरा पर्याय राखून ठेवता येतो, आणि त्याच्या शेजारच्या, सातवीपर्यंत शिकलेल्या धरणग्रस्त आईला येत नाही. तिने एकदाच बटण दाबायचे, तेही अंदाजाने. हा भेद कोणत्या समतेत बसतो? बाबासाहेबांनी १९५५ मध्ये भाषिक राज्यांवरील आपल्या पुस्तकात अल्पसंख्याकांच्या रक्षणासाठी दोन-तीन जागांचे मतदारसंघ आणि एकत्रित मतदान पुन्हा सुचवले होते. १९६१ मध्ये दोन जागांचे मतदारसंघच मोडीत निघाले आणि तो विषय फाइलबंद झाला.

कायदा बदलेपर्यंत थांबायचे कारण नाही. पाटण तालुक्यातल्या वस्त्यांनी येत्या निवडणुकांआधी स्वतःची पहिली फेरी स्वतः घ्यावी, असा प्रस्ताव आम्ही मांडतो. गट-गणाच्या मतदार यादीची प्रत काढा. इच्छुकांना विहारात, समाजमंदिरात, चावडीवर बोलवा, प्रश्न विचारा. मग गुप्त मतदान, कागदावर १, २, ३ पसंती, मोजणी सर्वांसमोर, आकडे फळ्यावर. रिपब्लिकन गटांनी आपापले उमेदवार कोणाच्या तरी बंगल्यावर ठरवण्यापेक्षा हे आकडे घेऊन आघाड्यांच्या दारात जावे. आमचे इतके लोक, त्यांना हा माणूस हवा, आता तुमची मते याला देणार की नाही ते लेखी सांगा. पावती त्यांच्याकडून मागायची, आपण द्यायची नाही.

करताना दोन-तीन गोष्टींचे भान ठेवावे, वकील म्हणून सांगतो. ही फेरी एका जातीची करू नका. जातीच्या किंवा धर्माच्या नावावर मत मागणे हे कलम १२३(३) खाली भ्रष्ट आचरण ठरते, २ जानेवारी २०१७ च्या अभिराम सिंग निकालानंतर तर त्याचा अर्थ आणखी व्यापक झाला आहे. धरणग्रस्त, शेतमजूर, वाडी-वस्तीवरचे सगळे बोलवा, विषय जमिनीचा, पाण्याचा, रस्त्याचा ठेवा. हरलेल्या इच्छुकाला अर्ज भरू नये म्हणून पैसे किंवा पदाचे आमिष देऊ नका, ती कायद्याने लाच आहे. स्टॅम्पपेपरवर शपथा लिहून घेण्याच्या भानगडीत पडू नका, कोर्टात त्यांचा उपयोग नाही. आणि वेळ बघा. विधानसभा-लोकसभेला अधिसूचना निघाली की अर्ज भरायला आठवडाच मिळतो, पक्षाचे ए आणि बी फॉर्म शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत पोचावे लागतात, आणि सगळी फसवाफसवी त्या शेवटच्या तासात होते. पेटी त्याआधी किमान दोन महिने फिरायला हवी, पावसाळ्यात तर कोयनाकाठच्या वाड्या गाठायलाच आठवडा जातो, तो धरून.